वाचकांचे प्रश्न : शाळेच्या मैदानावर ध्वनी मोजताना

गणेशोत्सवासाठी ढोलपथकांच्या तालमी सुरू झाल्या आणि पाठोपाठ शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनांची तयारी लागली, की या सदराकडे ध्वनीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी नाशिक शहरातूनच इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर या एकाच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे थोडक्यात दिली आहेत. त्यांतील बहुतेकांमध्ये एकच काळजी आहे : मुलांनी मोजलेला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही, आता काय करायचे? मला काळजी वाटते ती उलट प्रकारची. वर्गातल्या दहा गटांपैकी दहाही गटांच्या वहीत ध्वनीचा वेग सेकंदाला नेमके ३४० मीटर आला असेल, तर त्या वर्गात प्रयोग झाला की नाही, हे मला विचारावेसे वाटेल.

प्रश्न : आम्ही नववीच्या चार मुलींनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातला आवाज मोजला. एकाच जागी, एकाच वेळी तीन मोबाइल धरले, तर त्यांवर ७१, ७८ आणि ८४ डेसिबेल असे तीन वेगवेगळे आकडे आले. आम्ही सरासरी काढून ७७.७ लिहिले. ते बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, इंदिरानगर

उत्तर : तीन मोबाइल एका जागी धरून पाहावेत हे तुम्हाला सुचले, याबद्दल आधी तुम्हा चौघींचे अभिनंदन. एकच मोबाइल वापरला असता तर ७१ किंवा ८४ हा आकडा तुम्ही निःशंकपणे लिहून टाकला असता, आणि त्यात काही गडबड आहे हे तुम्हाला कधी कळलेच नसते.

सरासरी मात्र खोडून टाका. एकच माप पुन्हा पुन्हा घेताना चूक कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी अशी होत असेल, तर सरासरीने ती बरीचशी भरून निघते. येथे तसे नाही. प्रत्येक मोबाइलची चूक ही त्याची स्वतःची आणि बऱ्याच अंशी कायमची आहे. किराणा दुकानात तीन तराजू असावेत, एक नेहमी पन्नास ग्रॅम जास्त दाखवणारा, दुसरा वीस ग्रॅम कमी दाखवणारा आणि तिसऱ्याचे काय ते ठाऊक नसलेला. या तिन्हींची सरासरी काढून साखरेचे खरे वजन कसे मिळणार?

ही चूक कुठून येते तेही समजून घ्या. डेसिबेल हे किलो किंवा मीटर यांसारखे सरळ एकक नाही. ते गुणोत्तर सांगते. माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येणारा, म्हणजे २० मायक्रोपास्कल एवढा दाबातला चढउतार, हा शून्य डेसिबेल धरला आहे आणि बाकीचे सर्व आवाज त्याच्या तुलनेत मोजले जातात. मोबाइलमधील मायक्रोफोन दाबाचा चढउतार घेतो आणि त्याचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो, पण अमुक संदेश म्हणजे नेमके किती मायक्रोपास्कल, हे त्या मोबाइलला कोणी सांगितलेले नसते. अ‍ॅप तयार करणाऱ्याने एक आकडा गृहीत धरलेला असतो, आणि तो तुमच्या हातातल्या मोबाइलला लागू पडेलच असे नाही. शिवाय मोबाइलचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे फार मोठा आवाज आला की अनेक मोबाइल तो आपोआप दाबून टाकतात. मोबाइलचे जाड कव्हर खालच्या बारीक छिद्रावर आले असेल तर त्याने आणखी भर पडते. कव्हर काढून एकदा मोजून पाहा.

आता काय करायचे ते सांगतो. एक मोबाइल निवडा आणि सर्व मापे त्यानेच घ्या. एखाद्या महाविद्यालयाच्या पर्यावरण किंवा भौतिकशास्त्र विभागाकडे ध्वनिपातळीमापक असतो. शिक्षकांमार्फत विनंती करून तो एका दुपारपुरता मिळवा आणि रिकामा वर्ग, बाई धडा वाचत असताना, मधली सुट्टी आणि शाळेची घंटा अशा चार ठिकाणी दोन्ही यंत्रांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. मोबाइल सगळीकडे सारखाच, समजा ६ डेसिबेल, जास्त दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी ६ वजा करा. घंटेच्या वेळी हा फरक एकाएकी बदलला, तर तुमच्या मोबाइलची मर्यादा तेथे संपली असे समजा. मापक मिळालाच नाही तरी प्रयोग वाया जात नाही. अशा वेळी आकडा न सांगता फरक सांगावा : खिडक्या लावल्यावर वर्गातला आवाज किती डेसिबेलने घटला, पडदे लावल्यावर किती घटला. मोबाइलचे शून्य चुकलेले असले तरी वजाबाकीत ती चूक निघून जाते.

फरकावर आधारलेला सर्वांत चांगला प्रयोग अंतराचा आहे. मोकळ्या मैदानावर छोट्या स्पीकरमधून एकसारखी खरखर वाजवा आणि १, २, ४, ८ मीटरवर मापे घ्या. दर वेळी अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबेल कमी व्हायला हवेत. स्पीकरवर शिट्टीसारखा एकच सूर लावू नका; भिंतींवरून आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरी त्या सुरात मिसळतात आणि मोबाइल वीतभर सरकवला तरी आकडा वर-खाली होतो. आठ मीटरवर गेल्यावर घट ६ ऐवजी ३ किंवा २ आली, तर बहुधा रस्त्याचा आवाज मध्ये आला आहे. स्पीकर बंद करून नुसत्या मैदानाचे माप घ्या. ते ५५ असेल आणि स्पीकर चालू असताना ५८ दिसत असेल, तर एकट्या स्पीकरचा आवाजही ५५ च आहे, कारण दोन सारखे आवाज मिळून ३ डेसिबेलच वाढतात.

सरासरीविषयी आणखी एक गोष्ट. वेळेची सरासरी काढतानाही साधी बेरीज-भागाकार चालत नाही. अर्धा मिनिट ६० आणि अर्धा मिनिट ८० डेसिबेल आवाज असेल तर त्या मिनिटाची सरासरी पातळी ७० नव्हे, ७७ येते, कारण ८० डेसिबेलच्या आवाजातील ऊर्जा ६० डेसिबेलच्या शंभरपट असते. म्हणून शाळेच्या दिवसाची सरासरी ठरवण्यात शांत तासांपेक्षा घंटेचा वाटा मोठा असू शकतो.

प्रश्न : मी बारावीत आहे आणि एका ढोलपथकात वाजवतो. सरावाच्या वेळी आम्ही एका ढोलाचा आवाज मोजला आणि नंतर दोन ढोल वाजवले, तर आकडा फक्त ३ ने वाढला. दहा ढोलांना तो १० ने वाढला. दुसरे असे की छातीत धडधडावे एवढा आवाज असूनही अ‍ॅपवरचा आकडा तेवढा मोठा दिसत नाही. आमचे काही चुकते का?
— एक वादक, पंचवटी

उत्तर : पहिल्या मापात काहीही चुकलेले नाही, ती मापे इतकी नेटकी आहेत की मीच ती माझ्या वर्गासाठी उतरवून घेतली. ढोल दुप्पट म्हणजे ऊर्जा दुप्पट, आणि ऊर्जा दुप्पट म्हणजे ३ डेसिबेलची वाढ. दसपट ढोलांना १० डेसिबेल आणि सर्वजण मापकापासून सारख्याच अंतरावर उभे राहिले तर शंभर ढोलांना २० डेसिबेल. आपल्या कानाला मात्र १० डेसिबेलची वाढ साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी वाटते. म्हणजे एका ढोलाच्या जागी दहा ढोल आले की ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटतो, पण त्याच्या कानात शिरणारी ऊर्जा मात्र दसपट झालेली असते. पथकातील वादकांनी हा हिशेब जरूर लक्षात ठेवावा, कारण कानाच्या आतील नाजूक पेशींना होणारी इजा ऊर्जेवर आणि वेळेवर अवलंबून असते, वाटण्यावर नाही. आणि त्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. कानात बोळे घालून वाजवल्याने ठेका चुकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मापकाच्या सेटिंगमध्ये आहे. आवाज मोजताना बहुतेक वेळा ‘ए’ नावाची भारित मोजपट्टी वापरली जाते. मंद आवाजात आपल्या कानाला खर्जाचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ही मोजपट्टी खर्जाला मुद्दाम कमी गुण देते : सेकंदाला १००० कंपनांच्या सुरातून काहीच वजा होत नाही, १०० कंपनांच्या सुरातून सुमारे १९ डेसिबेल वजा होतात आणि ५० कंपनांच्या सुरातून सुमारे ३०. ढोलाचा भरदार घुमारा याच खालच्या पट्टीतला, तर ताशाची कडकड वरच्या पट्टीतली. त्यामुळे एकटा ताशा या मोजपट्टीवर भाव खाऊन जातो आणि छाती हलवणारा ढोल मागे पडतो. अ‍ॅपमध्ये किंवा मापकात ‘सी’ मोजपट्टी असेल तर ती लावून दोघांची मापे पुन्हा घ्या. ती खर्जाला जवळपास पूर्ण गुण देते. ताशाच्या दोन आकड्यांत फारसा फरक नसेल, ढोलाच्या आकड्यांत बराच असेल. विज्ञान प्रदर्शनात मांडायला नाशिकच्या मुलांसाठी यापेक्षा आपला विषय मला सुचत नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या इमारतीसमोर ५० मीटरवर उभे राहून टाळी वाजवायची आणि प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा, असा प्रयोग आठवीच्या मुलांकडून करून घेतला. एका गटाला वेग २३८ मीटर प्रति सेकंद आला, दुसऱ्याला ४००. तास संपत आला होता, म्हणून मी सर्वांना ३४० लिहायला सांगितले. ते तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे. प्रयोग सुधारावा कसा?
— एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : आपण हे मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. नोकरीच्या सुरुवातीच्या काही वर्षांत मीही तास संपताना हेच केले आहे. त्या वेळी एका मुलाने वहीत आपला आकडा खोडून वर ३४० लिहिले होते, पण खोडलेला आकडा पेन्सिलीच्या दाबामुळे कागदावर उमटून राहिला होता. तो वाचता येत होता. ती वही तपासताना मला पहिल्यांदा वाटले की खरे माप खाली आहे आणि वरच्या आकड्याला आपण बरोबरची खूण करत आहोत.

पहिली चूक मुलांची नाही, पद्धतीची आहे. ५० मीटरवरून आवाज जाऊन परत येतो म्हणजे १०० मीटर अंतर कापतो, आणि त्याला जेमतेम ०.२९ सेकंद लागतो. कानाने ऐकून बोटाने बटण दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. मोजायच्या वेळेच्या दोनतृतीयांश एवढी चूक हातातच असेल, तर २३८ आणि ४०० हे दोन्ही आकडे अपेक्षितच म्हणायला हवेत.

उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. एका मुलाने ठेक्यात टाळ्या वाजवायच्या आणि ठेका असा जुळवायचा की प्रत्येक नवी टाळी मागच्या टाळीच्या प्रतिध्वनीवर अचूक पडेल. ठेका जुळला की प्रतिध्वनी ऐकू येईनासा होतो; तो टाळीखाली झाकला जातो. हा क्षण मुलांना फार आवडतो. मग दुसऱ्या मुलाने ‘शून्य’ म्हणून घड्याळ सुरू करायचे आणि विसाव्या टाळीला थांबवायचे. शून्यापासून मोजल्यामुळे वीस टाळ्यांत वीस अंतरे येतात. एकपासून मोजले तर एकोणीसच येतात, आणि ही गफलत हमखास होते. आता वेळ पावणेसहा सेकंदांच्या आसपास येईल आणि ०.२ सेकंदाची चूक साडेतीन टक्क्यांवर उतरेल. समजा ५.९ सेकंद आले, तर २००० मीटरला ५.९ ने भागून ३३९ मिळतात. सेकंदाला तीनहून अधिक टाळ्यांचा हा ठेका काही मुलांना जमत नाही. त्यांनी निम्म्या गतीने वाजवून प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पाडावा. तबला शिकणारे मूल वर्गात असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. सकाळी लवकर, रस्त्यावर रिक्षा आणि बसची वर्दळ सुरू होण्यापूर्वी प्रयोग केला तर प्रतिध्वनी स्वच्छ मिळतो.

दोन मोबाइल असतील तर आणखी बारकाईने मोजता येते. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने तयार केलेल्या फायफॉक्स या मोफत अ‍ॅपमध्ये आवाजाने चालू आणि आवाजानेच बंद होणारे घड्याळ आहे. दोन मोबाइल टेपने मोजून ५ मीटर अंतरावर ठेवा. पहिल्याजवळ टाळी वाजवली की ते घड्याळ लगेच आणि दुसरे किंचित उशिराने सुरू होते. मग दुसऱ्याजवळ टाळी वाजवली की ते आधी थांबते आणि पहिले उशिराने. दोन घड्याळांतील वेळांचा फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. यात बोटाचा संबंधच येत नाही. ध्वनी एकदा जाताना आणि एकदा येताना मोजल्यामुळे वाऱ्याचा परिणामही जवळपास नाहीसा होतो.

आकडे जुळवण्याच्या मोहाबद्दल एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा. न्यूटनने केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजच्या लांब ओसरीत प्रतिध्वनी आणि लंबकाचा झोका यांची गाठ घालून हाच प्रयोग केला होता. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ध्वनीचा वेग गणिताने काढला. पुढे तो प्रत्यक्ष मापापेक्षा बराच कमी असल्याचे स्पष्ट झाल्यावर, दुसऱ्या आवृत्तीत हवेच्या कणांची जाडी आणि हवेतली वाफ अशी कारणे जोडून त्याने तो प्रत्यक्ष मापाशी जुळवून घेतला. खरे कारण सापडायला १८१६ साल उजाडावे लागले. ध्वनिलहरीत हवा इतक्या झटपट दाबली जाते की दाबल्याने निर्माण झालेली उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, हे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले, आणि सुमारे १५ टक्क्यांची तूट भरून निघाली. न जुळणारा आकडा लोकांनी शंभर वर्षे डोळ्यांसमोर ठेवला, म्हणून हे घडले.

प्रश्न : ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत अनुनाद नलिकेने ध्वनीचा वेग काढताना माझे उत्तर दर वेळी कमीच येते. नादकाटा ५१२ हर्ट्झचा होता, पहिला अनुनाद १५.९ सेंटिमीटरवर मिळाला, त्याला ४ ने आणि ५१२ ने गुणले तर वेग ३२६ येतो. खोलीचे तापमान २७ अंश होते, म्हणजे तो ३४७ यायला हवा होता.
— एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : उत्तर दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर त्यामागे ठाम कारण असते, आणि आपण ते ओळखलेत हे चांगले. इतर वाचकांसाठी सांगतो : या उभ्या नळीत पाणी असते, तिच्या तोंडाशी नादकाटा, म्हणजे ठोकल्यावर एकच सूर देणारा धातूचा चिमटा, धरतात आणि पाणी खाली उतरवत नेतात. हवेच्या स्तंभाची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश झाली की आवाज एकदम मोठा होतो; तो पहिला अनुनाद. पण नळीतील हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाशी संपत नाही. कंप पावणारी हवा काठाच्या थोडी वरपर्यंत जाते. ही वाढीव लांबी नळीच्या व्यासाच्या सुमारे ०.३ पट असते. नळीचा व्यास ३.४ सेंटिमीटर असेल तर ती जवळपास १ सेंटिमीटर होते, आणि १५.९ च्या जागी १६.९ धरले की वेग ३४६ येतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे पाणी आणखी खाली उतरवून दुसरा अनुनाद शोधणे. तो आपल्याला ४९.८ सेंटिमीटरच्या आसपास मिळेल. दोन्ही लांबींच्या वजाबाकीत काठावरची ती वाढ निघून जाते आणि ३३.९ सेंटिमीटर ही अर्धी तरंगलांबी उरते. तिला २ ने आणि ५१२ ने गुणले की ३४७.

आता एक सुचवणी. शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान दर अंशाने वाढले की तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नाशिकमध्ये जानेवारीतल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि एप्रिलच्या दुपारी ३६ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे त्याच नळीत, त्याच नादकाट्याने, दोन अनुनादांमधले अंतर हिवाळ्यातल्या सकाळी ३२.९ आणि उन्हाळ्यातल्या दुपारी ३४.४ सेंटिमीटर येईल. दीड सेंटिमीटरचा फरक साध्या मोजपट्टीवर डोळ्यांनी दिसतो. हा प्रयोग करायला फक्त तीन महिने धीर धरावा लागतो. तापमापी मात्र भिंतीवर न ठेवता नळीत सोडावी. नळीत माठातले गार पाणी भरले असेल तर आतली हवा खोलीपेक्षा थंड असते आणि सगळा हिशेब बिघडतो.

प्रश्न : नाशिक समुद्रसपाटीपासून उंचावर आहे, तेथे हवा विरळ असते. मग मुंबईपेक्षा आपल्याकडे ध्वनीचा वेग कमी असतो का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : नुसत्या उंचीमुळे नाही. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी आहे. पण दाबाबरोबर हवेची घनताही त्याच प्रमाणात कमी होते, आणि वेग या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरत असल्याने तापमान सारखे असेल तर वेगही सारखाच राहतो. थंडीत नाशिकला वेग कमी मिळतो तो गारठ्यामुळे. दमट हवेत वेग किंचित वाढतो, कारण वाफेचे रेणू हवेच्या रेणूंपेक्षा हलके असतात; पण पावसाळ्यातही हा फरक एक टक्क्याच्या आत राहतो आणि शाळेतल्या साधनांना तो दिसणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाची शाळा वाहत्या रस्त्याला लागून आहे. मुलांनी वर्गातला आवाज मोजून तक्ता केला आहे. तो घेऊन तक्रार करता येईल का? कायद्याची मर्यादा किती आहे?
— एक पालक, मुंबई नाका

उत्तर : ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे नियम २००० सालचे आहेत. त्यांत सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस धरला आहे आणि दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५, व्यापारी भागात ६५, औद्योगिक भागात ७५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबेल अशी आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्रात येऊ शकतो, परंतु त्यासाठी शासनाने तो तसा घोषित केलेला असावा लागतो. आपल्या शाळेबाबत ते आधी विचारून घ्या. या मर्यादा ‘ए’ मोजपट्टीवरच्या आणि वेळेच्या सरासरीच्या आहेत, एखाद्या क्षणी वाजलेल्या हॉर्नच्या नाहीत.

मोबाइलवर घेतलेली मापे पुरावा म्हणून टिकणे कठीण आहे, आणि वरच्या पहिल्या पत्रात त्याचे कारण आले आहे. पण प्रमाणित मापकाने अधिकृत मोजणी करावी, अशी मागणी करायला मुलांचा तक्ता पुरेसा आहे. तो विश्वासार्ह वाटावा असे वाटत असेल तर प्रत्येक मापाशेजारी तारीख, वेळ, मोबाइल कोणता, तो खिडकीपासून किती अंतरावर होता आणि खिडकी उघडी होती की बंद, हे लिहिलेले हवे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शिकवणे चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबेलच्या वर नसावा असे म्हटले आहे. हमरस्त्यालगतच्या आपल्या वर्गांत खिडक्या उघड्या ठेवून तो साधणे अवघड आहे, हे मान्य. तरीही मागच्या बाकावरच्या मुलाला बाईंचे कोणते शब्द ऐकू आले नाहीत, हेही त्या तक्त्यात एका रकान्यात लिहा. वीस शब्द वाचून दाखवायचे आणि प्रत्येक बाकावर किती बरोबर लिहिले गेले ते पाहायचे. मला विचाराल तर डेसिबेलपेक्षा हा रकाना मुख्याध्यापकांनी आधी वाचावा.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे. लहानपणी आम्ही गोदावरीत डुंबायचो. बुडी मारली की घाटावरची सगळी गडबड एकदम बंद व्हायची, पण पाण्याखाली कोणी दोन दगड एकमेकांवर आपटले की ते कानाशीच आपटल्यासारखे वाटायचे, आणि कोणत्या बाजूने ते कळायचे नाही. नातवाने कारण विचारले. मला सांगता आले नाही.
— एक आजोबा, जुने नाशिक

उत्तर : आपण तीन निरीक्षणे नोंदवली आहेत आणि तिन्ही अचूक आहेत. हवेतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्यातील सुमारे हजारातला एकच भाग पाण्यात शिरतो, बाकी वर परततो. पाणी हवेपेक्षा खूपच जड आणि दाबायला कठीण आहे, त्यामुळे हवेचा हलका धक्का त्याला हलवू शकत नाही. म्हणून घाट गप्प होत असे. दगड मात्र पाण्यातच आपटले जात, त्यांचा आवाज पाण्यातून सरळ कानापर्यंत येई, आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असल्याने तो कवटीच्या हाडांतूनही आत शिरे.

बाजू न कळण्याचे कारण वेगात आहे. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला किंचित आधी आणि डाव्याला किंचित उशिरा पोहोचतो, आणि या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून अधिक वेगाने. त्यामुळे तो फरक चौथाईवर येतो आणि मेंदूला आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो.

हा वेग १८२६ साली कोलादों आणि स्टुर्म या दोन शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या सरोवरात मोजला, आणि त्यांना आपल्यासारखीच अडचण आली होती : पाण्यातला आवाज वर होडीत बसलेल्याला ऐकू येईना. एका होडीतून पाण्यात घंटा सोडली होती आणि ती वाजवली की त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडे. साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत कोलादोंने पत्र्याची लांब नळी पाण्यात बुडवून वरचे टोक कानाला लावले. रात्रीच्या अंधारात भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंत ९.४ सेकंद गेले. पाणी ८ अंशांचे होते आणि वेग निघाला १४३५ मीटर प्रति सेकंद. आजच्या मापापेक्षा अवघे ४ मीटर कमी. नारोशंकर मंदिरातल्या घंटेच्या गावात राहणाऱ्या आपल्या नातवाला ही घंटेची गोष्ट आवडेल.

त्याला दाखवायचे असेल तर नदीवर जाण्याची गरज नाही. प्लास्टिकचे मोठे पिंप काठोकाठ भरा, त्याला पिंपाच्या बाहेरच्या बाजूला कान चिकटवून बसायला सांगा आणि आपण दोन दगड घेऊन आधी पाण्याच्या वर, मग कोपरापर्यंत हात बुडवून पाण्याच्या आत, सारख्याच जोराने आपटा.